पूर परत परत येतो, मदत मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरू होते

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या एका गावात आमचे घर आणि शेती आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर या गावाने घेतले, आणि जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा निम्मे गाव रात्रभर जागे होते. पुरावरची चर्चा बहुधा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी, कोयनेचा विसर्ग आणि पूररेषेतली बांधकामे यांभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. परंतु त्या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत जे पूर यायचे ते येणारच आहेत, आणि तोवर गावांनी एकमेकांना कसे सावरायचे याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

२०१९ मध्ये मदतीचा तुटवडा होता असे मला वाटत नाही. महामार्ग खुला झाल्यावर राज्याच्या कानाकोपऱ्यातून गाड्या आल्या. मात्र त्या जिथवर डांबरी रस्ता होता तिथवरच आल्या. रस्त्याकडेच्या गावांत बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला जागा उरली नाही आणि आतल्या वस्त्यांवर लोक कोरड्या चुलीपाशी बसून राहिले. जुन्या कपड्यांचे ढीग शाळांच्या व्हरांड्यांत महिनाभर कुजत पडले. दिवाळीच्या सुमारास, जेव्हा उसाचे बेणे, म्हशीचे खाद्य आणि भिजून जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग यांसाठी रोख पैसा लागत होता, तेव्हा विचारायला कोणीही नव्हते. मदत पुराच्या आठवड्यात तुंबते आणि गरज त्यानंतरच्या चार महिन्यांत असते. जो पूर एकदाच येऊन जातो त्यात हे चालून जाते. दर दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या पुरात माणूस आधीच्या कर्जातून वर येण्याआधीच पुन्हा बुडतो.

दुसरी गोष्ट जनावरांची. 'लोक वेळेवर घर का सोडत नाहीत' असे शहरातले मित्र विचारतात. घरात चार म्हशी बांधलेल्या असताना माणूस बोटीत कसा बसेल? २०१९ मध्ये आमच्या गल्लीत एका घराने दोन म्हशी जिन्यावरून स्लॅबवर चढवल्या. दूधसंकलन बंद होते, पण धार काढावीच लागते, नाहीतर कासेला दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते. म्हणून त्या घरातली बाई रोज दोन्ही वेळा स्लॅबच्या कडेला बसून धार काढायची आणि थोडे दूध शेजाऱ्यांना देऊन बाकीचे पुराच्या पाण्यात ओतायची. वैरण संपल्यावर तिने घरातल्या गोधडीखालचे भाताचे पिंजर काढून म्हशींना घातले. निवारा केंद्रात माणसांची सोय होती, जनावरांची नव्हती. एवढ्या एका कारणासाठी त्या घरातली सहा माणसे पाण्यात अडकून राहिली.

या दोन गोष्टी ध्यानात घेऊन आम्ही २०२१ नंतर हातकणंगले तालुक्यातल्या माळावरच्या एका गावाशी बोलणी केली. सोयरिकी पूर्वीपासून होत्याच. ठरले असे की, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारापातळीला, म्हणजे ३९ फुटांना, पोचली की ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीची वाट न पाहता आमची जनावरे आधी निघतील, मग म्हातारी माणसे आणि बाळंतिणी, शेवटी बाकीचे. कोणाच्या घरची किती जनावरे माळावर कोणाच्या गोठ्यात जाणार, ट्रॉली कोणाची, कोणाला इन्सुलिन लागते, हे सारे एका वहीत लिहिलेले असते आणि ती वही दर मे महिन्यात नव्याने लिहिली जाते. याच्या बदल्यात गळीत हंगामात आमच्याकडचे वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्यांच्या जनावरांना जाते, कारण उन्हाळ्यात वैरणीची ओढ त्यांच्याकडे असते. त्यामुळे इकडचा माणूस तिकडे आश्रित म्हणून जात नाही, आणि माझ्या मते ही व्यवस्था टिकण्याचे खरे कारण तेच आहे.

इतर ठिकाणी काय केले जाते, काय फसले, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

वाशिष्ठी_तीर

धागा आवडला, पण चिपळूणच्या अनुभवावरून एक फरक सांगतो. तुमच्याकडे पाणी चढायला दिवस लागतात. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे ते पहाटेच्या काही तासांत चढले. डोंगरावरचा पाऊस, वाशिष्ठीतला गाळ आणि भरतीची वेळ हे सगळे एकत्र आले की बाजारपेठेला ट्रॉली शोधण्याइतकीही सवड मिळत नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या गावाशी केलेला करार पहिल्या रात्री उपयोगाचा नाही. उपयोगाचा असतो तो गल्लीतल्या वरच्या मजल्यांचा. आमच्या आळीत आता कोणत्या तळमजल्यावरच्या घराने कोणाच्या माडीवर जायचे हे ठरलेले आहे, आणि त्या घराच्या दाराची किल्ली खालच्या दोन घरांत असते.

२००५ च्या खुणेबद्दलही लिहायला हवे होते. २६ जुलै २००५ ची पाण्याची रेघ अनेक दुकानांच्या भिंतींवर जपून ठेवलेली होती, आणि व्यापाऱ्यांनी माल त्या रेघेच्या हातभर वर रचला होता. २०२१ चे पाणी त्या रेघेला विचारत बसले नाही. इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, जे १८६४ पासूनचे आहे, हजारो पुस्तके त्या दिवशी भिजली.

पाणी ओसरल्यावर आम्हाला अन्नापेक्षा जास्त गरज होती ती चिखल काढणाऱ्या हातांची, खोऱ्यापाट्यांची, पाण्याच्या पंपांची आणि वायरमनची. बाहेरून आलेल्या तुकड्यांपैकी ज्यांनी स्वतःचे जेवण, स्वतःची अवजारे आणि स्वतःचे गमबूट आणले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांच्या जेवणाची सोय आम्हालाच करावी लागली त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

---

कृष्णाकाठ

खुणेबद्दल पूर्ण सहमत. सांगलीत आयर्विन पुलाजवळ २००५ साली सुमारे ५४ फुटांवर गेलेले पाणी २०१९ मध्ये ५७ फुटांच्या पुढे गेले. 'पाचच्या पुरात उंबऱ्याला लागले नव्हते' या एका वाक्यावर विसंबून कितीतरी घरे थांबली. म्हणून आमच्या वहीत घराच्या नावापुढे मागच्या पुराची उंची आम्ही मुद्दामच लिहीत नाही. निघायचे ते बंधाऱ्यावरच्या आकड्याकडे पाहून.

---

निवृत्त_महसूल

मी महसूल खात्यात नोकरी केली असल्याने सरकारी मदतीची बाजू मांडतो, कारण परस्परांच्या मदतीने ती मिळवून देण्याचे कामही करता येते आणि ते फार थोडे गट करतात.

पाणी ओसरले की माणूस साहजिकच आधी घर धुऊन काढतो. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येईपर्यंत भिंत कोरडी आणि जमीन स्वच्छ झालेली असते, आणि मग वाद सुरू होतात. २०१९ मध्ये मोफत धान्यासाठी क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ बुडालेले असण्याची अट घातली गेली होती आणि तिच्यावर राज्यभर टीका झाली. अशा अटी असोत वा नसोत, पुरावा हाताशी असलेला बरा. गावातल्या दोन-तीन तरुणांनी चिखल काढण्यापूर्वी प्रत्येक घराचे आतून आणि बाहेरून फोटो घ्यावेत, त्यात घरातली व्यक्ती आणि भिंतीवरची पाण्याची रेघ दिसावी, आणि त्या फोटोंची यादी ग्रामपंचायतीकडे द्यावी. पावसाळ्यापूर्वी सातबारा, शिधापत्रिका, आधार आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती गावाबाहेरच्या एका घरी ठेवल्या तर पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात.

सर्वांत जास्त हाल भाडेकरूंचे होतात. घर दुसऱ्याच्या नावावर, भांडीकुंडी यांची. सानुग्रह अनुदान कुटुंबाचे असते, २०१९ मध्ये ते ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये होते; परंतु घरमालकाने 'हे इथे राहतात' असे सांगायला नकार दिला की कुटुंब यादीतूनच गळते. तुमच्या वहीत भाडेकरूंची नोंद पावसाळ्याआधीच होत असेल आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवली जात असेल, तर तिला कायद्याने पुराव्याचे वजन नसले तरी पंचनामा करणाऱ्याला ती डावलणे जड जाते.

---

वेशीबाहेरची

धागाकर्त्यांची व्यवस्था चांगली आहे, पण ती कोणासाठी चांगली आहे हे विचारल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही लिहिले आहे की सोयरिकी पूर्वीपासून होत्याच. ज्यांच्या माळावर सोयरिकी नाहीत, त्यांचे काय? आमच्या भागात नदीला सर्वांत जवळची घरे ज्यांची आहेत ती माणसे शेतमजुरी करतात, वीटभट्टीवर जातात; त्यांच्याकडे देण्यासाठी वाडे नसते, कारण ऊस त्यांचा नसतो. देवाणघेवाणीवर उभी राहिलेली मदत ही ज्याच्याकडे देण्यासारखे काही आहे त्याचीच राहते. २०१९ मध्ये बाहेरून आलेल्या वस्तूंचे वाटप ज्यांच्या दारात झाले ती दारे कोणाची होती, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारून पाहावे. गाडीवाल्याला पत्ता सांगणारा माणूस गाडी आपल्याच आळीला घेऊन जातो.

आणि जेव्हा एका मंगल कार्यालयात सगळे एकत्र राहिले, तेव्हा पाण्याच्या पिंपाशी काय कुजबुज झाली तेही आम्ही ऐकलेले आहे.

---

कृष्णाकाठ

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या बैठकीतही तो निघाला होता. सोयरिकीच्या जोडीत न बसणाऱ्या घरांसाठी माळावरच्या गावातली शाळा आणि एक मंगल कार्यालय ठरलेले आहे, आणि ट्रॉलीची पहिली खेप त्या घरांची असते, कारण पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते. वाडे देण्याचा वाटा गावाचा म्हणून धरला जातो, घराचा म्हणून नाही. वही लिहायला बसणाऱ्या पाचजणांत नदीलगतच्या वस्तीतल्या दोन बायका आहेत.

---

वेशीबाहेरची

शाळा आणि घर यांत फरक आहे. तुमची जनावरे गोठ्यात आणि आमची माणसे वर्गात, असे त्याचे चित्र होते. दोन बायका वहीपाशी बसतात हे मात्र चांगले आहे. वही कोणाच्या घरी राहते तेही एकदा लिहा.

---

मांजराकाठ

मी लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीचा आणि बळकटीकरणाचा जो सरकारी कार्यक्रम झाला, त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, कोपऱ्याचा दगड कसा बसवायचा, सिमेंटच्या पिशव्या किती लागतात, ही माहिती त्या घरोघर पोचवत, आणि गावातल्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडत. २००१ मध्ये भुजला भूकंप झाल्यावर इथल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांपाशी बसून बोलल्या. ज्याने स्वतःचे घर पडलेले पाहिले आहे त्याचे बोलणे आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचे बोलणे यांत जो फरक असतो, तो तिथे कामाला आला.

भूकंपाच्या कामातून जे गट राहिले ते पुढे बचतीचे झाले, दुष्काळात पाण्याचे आणि बियाण्यांचे काम करू लागले. मला यावरून असे वाटते की, केवळ पुरासाठी काढलेला गट दोन कोरड्या वर्षांत मोडतो. त्याला मधल्या काळात काहीतरी रोजचे काम हवे. वेशीबाहेरची ताई ज्या वहीबद्दल विचारत आहेत, ती बचत गटाच्या वहीसारखी दर महिन्याला उघडली गेली तरच तिच्यात खरे लिहिले जाईल.

---

पूररेषा

सगळ्यांचे कौतुक करूनही मला हा धागा थोडा धोक्याचा वाटतो. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या आत, बांधकामाला परवानगी कोणी दिली, हा प्रश्न बाजूला पडून 'गावकऱ्यांनी कसे स्वतःला सावरले' याच्या गोष्टी छापून येतात. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या गेल्या, तरी दर मोठ्या पुरात त्या गावांतून माणसे बोटींनी काढावी लागतात. पुनर्वसन म्हणजे नुसता भूखंड नव्हे. शेत, गोठा आणि दूधसंस्था नदीकाठी ठेवून माणूस माळावर झोपायला जाणार नाही, हे सरकारला कळत नाही असे थोडेच आहे? तुम्ही जितके नीट सावराल तितका हा विषय मंत्रालयातल्या फायलीत खाली जाईल.

---

कृष्णाकाठ

हे मला निम्मे पटते. आम्ही नीट सावरलो नाही म्हणून आजवर फाइल वर आली असे मात्र मला दिसलेले नाही.

उलट एक मर्यादा मी स्वतःच सांगतो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकरी आपल्याच माणसांना बाहेर काढत असताना क्षमतेहून जास्त भरलेली बोट उलटली आणि बायकामुले बुडाली. सरकारी बोट वेळेवर पोचली नाही म्हणून लोक त्या बोटीत बसले होते, हे विसरता येत नाही. तरीही वाहत्या पाण्यातली सुटका हे गावाने अंगावर घेण्याचे काम नाही, असे आमच्या बैठकीचे मत झाले. आमची सगळी धडपड बोटीची वेळच येऊ नये यासाठी आहे. ज्या तरुणांना उतरायचेच आहे त्यांनी स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी आपदा मित्र योजनेतले किंवा कोल्हापुरातल्या व्हाइट आर्मीसारख्या अनुभवी पथकाचे प्रशिक्षण घ्यावे, लाइफ जॅकेटशिवाय कोणाला बसवू नये आणि 'अजून एक जण मावेल' हे वाक्य बोटीवर उच्चारू नये.

---

परदेशस्थ_सांगलीकर

मी गेली काही वर्षे परदेशात आहे. २०१९ मध्ये इथल्या मराठी मंडळाने मोठ्या उत्साहाने निधी जमवला आणि मग तो पाठवायचा कसा यावर महिनाभर चर्चा केली. तो अडथळा इतरांनाही येतो म्हणून लिहितो. परकीय नागरिकांचा किंवा परदेशी संस्थेचा पैसा भारतातल्या संस्थेला घ्यायचा असेल तर तिच्याकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय अंशदान कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी नोंदणी असलेली संस्थाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे पुण्यातल्या मोठ्या संस्थेला दिला आणि तिने गावच्या गटाला दिला, हा मार्ग बंद आहे. मात्र भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय अंशदानात मोडत नाही. त्यामुळे मंडळाच्या नावाने गोळा करण्यापेक्षा ज्यांचे नागरिकत्व भारतीय आहे त्यांनी आपापल्या खात्यातून पाठवणे सोपे पडते. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले आहे त्यांनी आधी जाणकाराला विचारावे.

धागाकर्त्यांना एक प्रश्न: ऑगस्टमध्ये पैसे पाठवणे बरे की नोव्हेंबरमध्ये?

---

कृष्णाकाठ

नोव्हेंबरमध्ये, आणि शक्य असेल तर थोडे मे महिन्यात. कारण सांगतो. उसाचा शेंडा बरेच दिवस पाण्याखाली राहिला की पोंगा, म्हणजे शेंड्यातला वाढीचा कोंब, कुजतो आणि ते पीक गेले. शेंडा वर राहिला तर ऊस तगतो, पण कांड्यांवरचे डोळे फुटतात आणि वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात. शेतकऱ्याला आपला ऊस यांपैकी कशात मोडतो हे कळायलाच सप्टेंबर उजाडतो. गेलेला ऊस काढून नवी लागण करायची तर बेणे लागते, आणि पुराच्या वर्षी चांगले बेणे पट्ट्याबाहेरून वाहतूक देऊन आणावे लागते. त्याच सुमारास बायकांच्या दारात कर्जाच्या हप्त्यासाठी माणसे उभी असतात. आमच्या दोन बचत गटांनी यासाठी भिशीसारखी वेगळी पेटी ठेवली आहे; तिच्यातून बिनव्याजी उचल मिळते आणि परतफेड पुढच्या ऊसबिलावर होते. ऊस नसलेल्या घरांची परतफेड मजुरीवर नाही, तर पुढच्या पुरानंतरच्या साफसफाईत सावडीने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करून, धरली जाते. यावर वेशीबाहेरची यांचे मत मला वाचायचे आहे.

मे महिन्यातला पैसा वैरणीसाठी. पूर ओसरल्यावर गवतावर गाळाचा थर बसलेला असतो आणि ते खाऊन जनावरे आजारी पडतात, म्हणून आम्हाला निदान तीन आठवड्यांची कोरडी सोय माळावर आधीच करून ठेवायची आहे. कडब्याला जागा फार लागते.

---

वेशीबाहेरची

सावडीने फेडणे चालेल, पण मग जमीनवाल्या घरांनीही खोरे हातात घ्यावे. नाहीतर चिखल काढायचे काम पुन्हा ठरलेल्यांकडेच येते आणि त्याला नाव मात्र परतफेडीचे मिळते. आणि वही कोणाच्या घरी असते ते अजून कळले नाही.

---

कृष्णाकाठ

वही सध्या सोसायटीच्या सचिवांकडे असते. खोऱ्याची अट येत्या बैठकीत मांडतो, आणि वहीची दुसरी प्रत नदीलगतच्या वस्तीत ठेवण्याचेही.

---

गोठा_आणि_गणित

वैरणीसाठी कडब्याऐवजी मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्यांचा विचार करा. मका चिकात असताना कुट्टी करून दाबून भरला तर दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो आणि पिशवी हवाबंद राहिली तर वर्षभर टिकतो. त्यामुळे ज्या वर्षी पूर आला नाही त्या वर्षी तो उन्हाळ्यात माळावरच्या गावाला वापरता येईल आणि नव्या पिशव्या भरता येतील. दोन गोष्टी सांभाळा. उंदरांनी पिशवीला भोक पाडले की आत बुरशी धरते, आणि बुरशीचा मुरघास गाभण म्हशीला अजिबात घालू नये. म्हणून पिशव्या भिंतीला टेकवू नका, चहूबाजूंनी फिरता येईल अशा ठेवा. आणि जनावराला तो पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नका. स्थलांतराच्या धावपळीत तेच होते, आणि मग पोट फुगलेली जनावरे सांभाळायची वेळ येते. तुमच्याकडे एकूण जनावरे किती आणि त्यांत दुभती किती ते कळवा, म्हणजे पिशव्यांचा अंदाज काढून देतो.